सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड आणि लांबलेली नोंदणी : भांडुपच्या एका कुटुंबाचे प्रकरण

संबंधितांची ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातील काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

प्रकरणातील आजी भांडुप पश्चिमेला डोंगरउतारावरच्या एका बैठ्या चाळीत मुलगा, सून आणि दोन नातवंडांसह राहतात. त्यांचे पती लालबागच्या एका गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते काम केले आणि काही वर्षांपूर्वी ते वारले. आजींनी घरी पापड आणि मसाले करून, ते ओळखीच्या घरांत विकून संसाराला हातभार लावला. त्यांचा जन्म संगमेश्वर तालुक्यातला. शाळेच्या दाखल्यावर आणि पुढे त्यावरून काढलेल्या पासपोर्टवर जन्मसाल १९५२ आहे. मुलगी मस्कतला असल्याने एकदा तिच्या बाळंतपणाला जाण्यासाठी हा पासपोर्ट काढला होता आणि नंतर तो कपाटातच राहिला. आजींना मधुमेह आणि रक्तदाब असून दोन्हींच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू आहेत.

मुलगा मालवाहतुकीच्या एका खासगी कंपनीत पर्यवेक्षक होता. कंपनीच्या सामूहिक मेडिक्लेममध्ये पगारातून थोडी रक्कम कापून आईवडिलांनाही सामील करून घेता येत असे आणि आजींसाठी त्याने तसे करून घेतले होते. तीन लाख रुपयांचे हे कवच घरात पुरेसे मानले जात होते.

अशा स्थितीत ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची कोणतीही अट न ठेवता, लागू करण्याचा निर्णय घेतला आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड देण्यास सुरुवात झाली. या कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार योजनेशी संलग्न रुग्णालयात रोख पैसे न भरता मिळतात. घरात सत्तरी ओलांडलेल्या दोन व्यक्ती असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते. हप्ता नाही, वैद्यकीय तपासणी नाही आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळही नाही. पात्रतेचा निकष एकच आहे, तो म्हणजे आधार कार्डावरील वय. आजी त्या वेळी पासपोर्टप्रमाणे बहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांचे कार्ड काढले गेले नाही.

याची कारणे समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती या एकाच घरापुरती मर्यादित नाहीत. पहिले कारण म्हणजे मुलाने कुठेतरी ऐकले होते की दोनपैकी एकच विमा घेता येतो. ही अट अस्तित्वात आहे, परंतु ती केंद्र सरकारी आरोग्य योजना, माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची आयुष्मान योजना यांच्या लाभार्थ्यांसाठी आहे. त्यांना जुनी योजना किंवा नवे कार्ड यांतून एकाची निवड करावी लागते. खासगी मेडिक्लेम असलेले किंवा कामगार विमा योजनेत असलेले ज्येष्ठ दोन्ही ठेवू शकतात. निवडीची अट एकाला आणि धास्ती सगळ्यांना, असा हा प्रकार होता. दुसरे कारण म्हणजे, योजनेला शेवटची तारीख नव्हती. गरज पडेल तेव्हा रुग्णालयातच कार्ड काढून देतात, हेही मुलाला ठाऊक होते आणि ते खोटे नव्हते. तिसरे कारण घरात कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. ते पुढे मे महिन्यात समोर आले.

समस्या

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलाने नोकरी बदलली. पगार वाढला, परंतु नव्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये पत्नी आणि मुले होती, आईवडील नव्हते. जुन्या कंपनीतील नोकरीच्या शेवटच्या दिवशी आजींचे कवच संपले. सामूहिक मेडिक्लेममधून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा, म्हणजे स्थलांतराचा, हक्क असतो आणि आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ त्यात गणला जातो. ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही आणि त्यानेही विचारली नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी रात्री आजी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. उभे राहता येईना आणि उजवा पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत होता. शेजाऱ्यांनी खुर्चीवर बसवून त्यांना उतारावरून खाली आणले आणि रिक्षाने जवळच्या नर्सिंग होममध्ये नेले. एक्स-रेत मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याच्या सांध्यालगतचा भाग, मोडल्याचे दिसले. हाड सरकलेले असल्याने आणि वय पाहता सांध्याचा मोडलेला गोळा काढून कृत्रिम गोळा बसवणे हाच योग्य उपचार असल्याचे अस्थिशल्यतज्ज्ञांनी सांगितले.

या दुखापतीत वेळेला फार महत्त्व असते. वृद्ध रुग्ण अंथरुणाला खिळला की छातीत कफ साचून न्यूमोनिया होणे, पाठीला जखमा होणे, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे हे धोके दिवसागणिक वाढतात. म्हणून प्रकृती स्थिर असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी, असा वैद्यकीय प्रघात आहे. पुढचे सगळे निर्णय या चौकटीत घ्यायचे होते.

नर्सिंग होमने शुक्रवारी सकाळी सुमारे २ लाख ३५ हजार रुपयांचे एस्टिमेट दिले आणि निम्मी रक्कम डिपॉझिट म्हणून भरण्यास सांगितले. जुना मेडिक्लेम चालणार नाही हे तिथेच स्पष्ट झाले. मुलाने आयुष्मान कार्ड काढण्याविषयी विचारले, तेव्हा ते रुग्णालय योजनेशी संलग्नच नसल्याचे समजले. त्याने मोबाइलवर ॲप उतरवून स्वतःच नोंदणी करण्याचा प्रयत्न केला. ओटीपी आलाच नाही, कारण आजींच्या आधारशी जोडलेला क्रमांक आजोबांचा होता आणि त्यांच्या निधनानंतर तो बंद झाला होता. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा पर्याय वापरून पाहिल्यावर ओळख पटली, पण पात्रता मिळाली नाही. आधारवर जन्मसाल १९५७ होते. सरकारदरबारी आजी अडुसष्ट वर्षांच्या होत्या.

हे कसे घडले, याचा उलगडा सुनेने केला. चाळीत बऱ्याच वर्षांपूर्वी आधार नोंदणीचे शिबिर भरले होते, तेव्हा आजी कोणताही दाखला न घेता गेल्या होत्या आणि विचारल्यावर अंदाजाने वय सांगून आल्या होत्या. तेव्हापासून ही चूक कोणाच्या नजरेस आली नाही, कारण तिच्यामुळे कुठेच अडले नव्हते. बँकेत खाते उघडले, गॅसचे अनुदान आले. एसटीत २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट असल्याने कोकणात जातानाही वयाचा पुरावा कोणी मागितला नाही. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास पूर्ण मोफत असतो. तिथपर्यंत पोहोचल्या असत्या तर कदाचित आकडा खटकला असता.

विचारात घेतलेले पर्याय

शुक्रवारी दुपारी मुलाने आमच्याशी संपर्क साधला. रुग्णांच्या नातेवाइकांना कागदपत्रांच्या कामात मदत करणाऱ्या काही जणांचा आमचा गट आहे. त्या वेळी कुटुंबात चार मते होती आणि प्रत्येकामागे काही ना काही तथ्य होते.

मस्कतहून मुलीचे म्हणणे होते की, आईला हलवू नका, पैसे कसेही उभे करा. घरात सुमारे दीड लाखाची मुदतठेव होती आणि सुनेचे दागिने तारण ठेवता आले असते. वैद्यकीयदृष्ट्या हा सर्वात वेगवान मार्ग होता, हे मान्य करायला हवे. अडचण अशी की, योजना रोखरहित असल्याने एकदा पदरचे पैसे भरून शस्त्रक्रिया झाली की नंतर कार्ड मिळाले तरी ती रक्कम परत मिळण्याची सोय नाही. शिवाय मधुमेही रुग्णाच्या बाबतीत एस्टिमेट हा खर्चाचा शेवट असेलच असे सांगता येत नाही.

मुलाच्या एका मित्राने एजंटचा क्रमांक दिला होता. काही हजार रुपयांत दोन दिवसांत आधारवरची जन्मतारीख बदलून कार्डही हातात देतो, असे त्या एजंटचे म्हणणे होते. हा पर्याय आम्ही सर्वात आधी बाद करायला लावला. कार्ड मोफत मिळते हे तर झालेच, पण मोठा धोका वेगळा होता. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते. बनावट दाखला जोडून ती बदलली गेली आणि पुढे पासपोर्टशी तिचा मेळ बसला नाही, तर खरी दुरुस्ती करण्याची संधीच संपली असती. खोट्या कागदाचा गुन्हा हा त्याहून वेगळा विषय.

आधार रीतसर दुरुस्त करून मग शस्त्रक्रिया करावी, असे मुलाला वाटत होते. आपल्या हक्काची गोष्ट असताना ती सोडायची कशाला, हा त्यामागचा विचार होता. आजींकडे पासपोर्ट होता आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणून तो मान्य आहे, त्यामुळे दुरुस्ती होणार यात शंका नव्हती. परंतु तिला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. खुबा मोडलेल्या रुग्णाला आधार केंद्रात नेता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येऊन नोंदणी करण्याची व्यवस्था आहे, पण तीही त्याच दिवशी होत नाही. मोडलेले हाड कागदाची वाट पाहू शकत नव्हते. हा पर्याय योग्य होता, फक्त त्याची वेळ ती नव्हती.

महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेण्याचा विचार सुनेने मांडला. तिथे शुल्क अत्यल्प असते आणि अनुभवी शल्यचिकित्सक असतात. पण अपघात विभागातून थेट शस्त्रक्रियेपर्यंत किती दिवस जातील याची खात्री नव्हती. तरीही हा पर्याय शेवटपर्यंत राखून ठेवावा असे ठरले आणि आमच्या मते ते शहाणपणाचे होते.

या चर्चेत एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती. आजींना लाभ मिळण्यासाठी सत्तरी पूर्ण असण्याची गरजच नव्हती. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना स्वतंत्रपणे चालते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे कवच प्रति कुटुंब वार्षिक दीड लाखावरून ५ लाखांवर नेण्यात आले. पूर्वी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती असलेली व्याप्ती पांढऱ्या शिधापत्रिकेपर्यंत वाढवण्यात आली आणि १,३५६ उपचार तिच्यात समाविष्ट झाले. इथे वयाची अट नाही. शिधापत्रिका आणि फोटो असलेले ओळखपत्र लागते. आजी वय वंदना कार्डासाठी सरकारदरबारी तरुण ठरल्या असल्या, तरी फुले योजनेत अडुसष्ट आणि त्र्याहत्तर यांत काहीच फरक नव्हता.

घेतलेले निर्णय आणि केलेली कृती

शिधापत्रिका शोधण्यात शुक्रवारची संध्याकाळ गेली. मुलाच्या शिधापत्रिकेवर आजींचे नाव नव्हते. ते आजोबांच्या नावाच्या जुन्या केशरी शिधापत्रिकेवर होते आणि ती लालबागच्या पत्त्यावरची होती. भांडुपला आल्यावर ती कधी बदलून घेतली नव्हती, आजोबांचे नावही कमी केलेले नव्हते. या हलगर्जीपणाचा इथे फायदाच झाला, कारण शिधापत्रिका रद्द करून घेतली असती आणि नवीन काढायची राहिली असती तर आजींचे नाव कुठेच उरले नसते. शिधावाटप कार्यालयाने दिलेला १२ अंकी क्रमांक तिच्यावर होता आणि ऑनलाइन यादीत आजींचे नाव दिसत होते. एक किरकोळ फरक होता, तो म्हणजे शिधापत्रिकेवर नावापुढे 'बाई' होते आणि आधारवर नव्हते.

त्याच वेळी सून योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावरून संलग्न रुग्णालयांची चौकशी करत होती. या टप्प्यावर घाई केली असती तर फसगत झाली असती. मुलुंड आणि ठाण्याच्या दिशेने असलेल्या रुग्णालयांपैकी जे सर्वात सोयीचे होते, ते संलग्न होते खरे, पण मूत्रपिंड व मूत्रमार्गाच्या उपचारांसाठी. रुग्णालय योजनेत असणे आणि हव्या त्या विभागासाठी योजनेत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो: अस्थिरोग विभाग योजनेत आहे का, ही शस्त्रक्रिया योजनेखाली तुमच्याकडे होते का, आणि आज खाट आहे का? तिसऱ्या रुग्णालयात तिन्ही उत्तरे होकारार्थी आली. सुनेने तिथल्या आरोग्यमित्राशीही, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या प्रतिनिधीशी, बोलून घेतले. शिधापत्रिका ऑनलाइन दिसत असेल तर नावातील फरकाचे पाहून घेऊ, असे त्याने सांगितले.

मग प्रश्न उरला तो आधीच्या नर्सिंग होममधून बाहेर पडण्याचा. तिथे सुरुवातीला रुग्णाला हलवायचे असेल तर वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत असल्याचे लिहून द्या, असे सांगण्यात आले. मुलगा सही करायला तयारही झाला होता. आम्ही त्याला थांबवले आणि आर्थिक कारणामुळे व योजनेचा लाभ घेण्यासाठी अन्यत्र पाठवत असल्याचे पत्र मागायला सांगितले. नवे रुग्णालय कोणत्याही रुग्णाकडे त्याच्या आधीच्या कागदांवरून पाहते आणि सल्ल्याविरुद्ध बाहेर पडलेल्या रुग्णाबाबत पहिल्या तासातच साशंकता निर्माण होते. पत्र मिळाले. एक्स-रेच्या मूळ फिल्म, रक्ततपासण्यांचे अहवाल आणि दिलेल्या औषधांची नोंद हातात घेऊनच कुटुंब बाहेर पडले. तिथले बिल सुमारे ४१ हजार रुपये झाले आणि ते मुदतठेव मोडून भरले.

शनिवारी दुपारी पायाला आधार बांधून रुग्णवाहिकेने आजींना हलवले. भर मेच्या उन्हात लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या वाहतुकीतून जाताना त्यांना वेदना झाल्याच. हलवण्याच्या निर्णयाची ही किंमत होती आणि ती कुटुंबाने जाणून स्वीकारली होती. नव्या रुग्णालयात आरोग्यमित्राने कागद तपासून नोंदणी केली. दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याचे लेखी निवेदन घेतले आणि रुग्णालयाने एक्स-रेसह पूर्वपरवानगीचा प्रस्ताव ऑनलाइन पाठवला. कागद अपुरे असतील तर तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून सूचना देऊन उपचार सुरू करण्याची आणि कागद नंतर सादर करण्याची तरतूद योजनेत आहे. इथे तिची गरज पडली नाही, पण ती असल्याचे माहीत असल्याने मुलाची घालमेल कमी झाली.

रविवारी परवानगी आली. मात्र आजींची साखर फार वाढलेली होती आणि भूलतज्ज्ञांनी ती आटोक्यात आणण्यासाठी एक दिवस मागितला. सोमवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. पडल्यापासून साडेतीन दिवस गेले होते.

परिणाम

शस्त्रक्रिया, इम्प्लांट, औषधे, तपासण्या आणि रुग्णालयातील जेवण यांसाठी दुसऱ्या रुग्णालयात कुटुंबाला काहीही भरावे लागले नाही. आजींना तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले आणि आठवड्याभरात घरी सोडले. छातीत थोडा कफ झाला होता, तो औषधांनी बरा झाला. शुक्रवारीच शस्त्रक्रिया झाली असती तर तो झाला नसता का, याचे उत्तर कोणीही ठामपणे देऊ शकणार नाही. डॉक्टरांनीही दिले नाही.

घरी आल्यानंतरचा खर्च मात्र पूर्ण कुटुंबावर आला. योजना रुग्णालयातील उपचारांसाठी असते. घरी येऊन करावी लागणारी फिजिओथेरपी, दिवसा सांभाळायला ठेवलेली आया, कमोडची खुर्ची, न्हाणीघरात बसवलेले धरायचे दांडे, रोजच्या मधुमेहाच्या गोळ्या यांपैकी कशाचेही पैसे तिच्यातून मिळत नाहीत. पहिल्या दोन महिन्यांत आयेचा खर्चच नर्सिंग होमच्या बिलाहून अधिक झाला. वृद्धांच्या अशा दुखापतीत योजना शस्त्रक्रियेचा डोंगर उचलते, पण त्यानंतरची दीर्घ चढण कुटुंबालाच चढावी लागते. कार्ड वेळेवर काढले असते तरी हा भाग बदलला नसता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

जुलैत आजी वॉकरने चालू लागल्यावर त्यांना आधार केंद्रात नेले. पापड लाटण्यात आणि भांडी घासण्यात बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असल्याने ठसे जुळत नव्हते, तेव्हा डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवली. पासपोर्टच्या आधारे जन्मतारीख दुरुस्त करण्याचा अर्ज दिला आणि त्याच वेळी सुनेचा मोबाइल क्रमांक जोडून घेतला. दुरुस्ती मंजूर झाल्यावर सुनेने घरीच ॲपवरून वय वंदना कार्ड काढले. त्याला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला.

वेगळे काय करता आले असते

या प्रकरणात उशीर नेमका कशाला म्हणायचा, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. खासगी मेडिक्लेमचा उशीर सरळ पैशांत मोजता येतो. वय वाढले की हप्ता वाढतो आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ लागू शकतो. एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतर नवी पॉलिसी देण्यावर वयाची सरसकट मर्यादा राहिलेली नाही, तरी मधुमेह असलेल्या सत्तरीच्या व्यक्तीला विमा कंपन्या सहज स्वीकारत नाहीत. वय वंदना कार्डाला यांतले काहीच लागू नाही. आज काढा, पाच वर्षांनी काढा, हप्ता शून्य आणि कवच तेवढेच. दंड नाही म्हणून घाई नाही, आणि घाई नाही म्हणून आधारवरचे साल, बंद पडलेला मोबाइल क्रमांक, पुसट झालेले ठसे या गोष्टी कोणी तपासत नाही. त्या तपासल्या जातात तेव्हा रुग्ण खाटेवर असतो. आमच्या मते या कुटुंबाच्या हातून खरी चूक कार्ड न काढण्याची झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदा नोंदणीचा प्रयत्न करून पाहिला नाही, ही ती चूक होती. प्रयत्न केला असता तर तो फसला असता, पण चूक तेव्हाच दिसली असती आणि ती सुधारायला सात महिने हातात असते.

दुसरा निर्णयबिंदू नोकरी बदलण्याचा होता. राजीनामा देताना मुलाने भविष्य निर्वाह निधीचे हस्तांतर आठवणीने केले, पण आईच्या मेडिक्लेमचे काय होणार याची चौकशी केली नाही. स्थलांतराचा हक्क वापरला असता तर हप्ता जड गेला असता यात शंका नाही. तरी त्या पॉलिसीमुळे नर्सिंग होममध्येच शुक्रवारी शस्त्रक्रिया होण्याची शक्यता होती. कमीत कमी त्या वेळी घरात ही चर्चा झाली असती आणि आयुष्मान कार्डाचा विषय पुन्हा निघाला असता.

गुरुवारी रात्री जवळच्या नर्सिंग होममध्ये नेण्याच्या निर्णयाला मात्र आम्ही चूक म्हणणार नाही. रात्रीच्या वेळी, वेदनेने कळवळणाऱ्या वृद्धेला घेऊन योजनेची यादी चाळत बसावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. प्रश्न त्यानंतरच्या बारा तासांचा आहे. शुक्रवारची सकाळ डिपॉझिटच्या जुळवाजुळवीत गेली आणि दुपार ॲपशी झगडण्यात. वय वंदना कार्ड मिळत नाही हे कळल्यावर दुसरी कोणती योजना लागू होते, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत कोणी विचारला नाही. तो सकाळी विचारला असता तर शुक्रवारीच हलवता आले असते आणि बहुधा ४१ हजारांतला मोठा भागही वाचला असता.

मुलीचे म्हणणे, म्हणजे पदरचे पैसे घालून तिथेच शस्त्रक्रिया करावी हे, आम्ही सहजासहजी फेटाळणार नाही. रुग्णाची प्रकृती अधिक नाजूक असती, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना आजार असता, किंवा संलग्न रुग्णालयात खाट मिळायला आणखी दोन दिवस लागणार असते, तर आमचाही सल्ला तोच राहिला असता. या प्रकरणात हलवण्याच्या बाजूने कौल गेला, कारण तीन गोष्टी एकदम जुळून आल्या: प्रकृती स्थिर होती, शिधापत्रिका हाताशी होती आणि खाट मोकळी होती. यांपैकी एक जरी नसती तरी गणित बदलले असते. मुलगी अजूनही आपले म्हणणे सोडायला तयार नाही आणि तिच्या जागी असतो तर आम्हीही कदाचित सोडले नसते.

शिधापत्रिकेचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. आजोबांचे नाव कमी करून आजींचे नाव मुलाच्या शिधापत्रिकेवर घ्यावे, की लालबागची शिधापत्रिका भांडुपच्या पत्त्यावर आजींच्या एकटीच्या नावाने करून घ्यावी, यावर घरात चर्चा चालू आहे. फुले योजनेचे ५ लाखांचे कवच कुटुंबाचे मिळून असते, त्यामुळे नाव एकत्र आणले की ते आजी आणि नातवंडांत वाटले जाईल. दुसरीकडे आजींकडे आता वय वंदना कार्ड आहे, त्यामुळे तो मुद्दा पूर्वीइतका गंभीर राहिलेला नाही. मुलाचा कल एकत्रीकरणाकडे आहे. सुनेने मात्र आधी शिधावाटप कार्यालयात जाऊन नाव कमी केल्यापासून नव्या शिधापत्रिकेवर येईपर्यंत मधल्या काळात ते यादीत दिसते की नाही, याची विचारणा करून येण्याचे ठरवले आहे. तोवर जुनी शिधापत्रिका, पासपोर्ट आणि दुरुस्त आधारची प्रत प्लास्टिकच्या एकाच पाकिटात घालून आजींच्या औषधांच्या डब्यात ठेवली आहे.